खोडून लिहिलेला पत्ता

आमच्या गावाकडे गाडी वळली की फोनमधली बाई फार उत्साहात येते. दोनशे मीटरवर डावीकडे वळा, म्हणते. डावीकडे बहुतेक वेळा कुणाची तरी तूर उभी असते. मला तिचा राग येतो. तो तिच्यावर काढण्यात काही अर्थ नाही हेही कळतं, कारण ती बिचारी दिलेलं वाचते. आणि तिला वाचायला दिलेल्या शब्दांतला एक शब्द माझ्या हातचा होता.

हे नीट सांगायचं तर आधी बाबांचं सांगावं लागेल.

बाबा पोस्टमन होते. हिमायतनगर तालुक्यातलं आमचं गाव आणि आजूबाजूच्या चार वाड्या, एवढ्या टापूत त्यांनी सायकलवरून सगळी नोकरी काढली. तेलंगणाची हद्द जवळ. त्यामुळे पाकिटांवरचे पत्ते कधी तेलुगूत यायचे, कधी उर्दूत, सरकारी असले तर इंग्रजीत. बाबा आठवी शिकलेले, पण आमच्या टापूतल्या गावांची आणि माणसांची नावं ते कुठल्याही लिपीत ओळखायचे. एकेक अक्षर लावून वाचत नसत. चेहरा ओळखावा तसं नाव ओळखायचे.

ओढ्याच्या अलीकडे गाव आणि पलीकडे आम्ही. आमच्या वस्तीला जातीवरून पडलेलं एक जुनं नाव होतं. ते मी इथे लिहिणार नाही. वाचणाऱ्याला कळलं असेलच, आणि कळलं नसेल तर चांगलंच आहे. मी जन्मायच्या आधी बाबांनी आणि वस्तीतल्या चार जाणत्या माणसांनी ग्रामसभेत ठराव मांडला की वस्तीचं नाव पंचशीलनगर करावं. पहिल्या वर्षी सभा तहकूब झाली. दुसऱ्या वर्षी माणसं कमी पडली, म्हणजे मुद्दाम आली नाहीत. तिसऱ्या वर्षी ठराव मंजूर झाला. त्याची शिक्का मारलेली नक्कल बाबांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लोखंडी पेटीत ठेवली. घरात दुसरी मौल्यवान वस्तू नव्हती.

नाव बदललं, पण पत्ते बदलायला तयार नव्हते. मनीऑर्डरी, कचेऱ्यांची पत्रं, बँकेच्या नोटिसा, लग्नपत्रिका, सगळं जुन्याच नावाने येत राहिलं. मग बाबांनी एक रीत पाडली. असं पत्र हातात आलं की ते पोस्टाच्या ओट्यावर मांडी घालून बसायचे, खिशातलं निळं पेन काढायचे, जुन्या नावावर एक रेघ मारायचे, शेजारी पंचशीलनगर लिहायचे आणि मगच पत्र पिशवीत टाकायचे. गिरगटायचे नाहीत. एकच रेघ, पट्टी लावल्यासारखी सरळ. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी हटकलं, तेव्हा बाबा म्हणाले, "साहेब, पत्ता गलत असला तर पत्र गलत घरी जातंय." पत्रं बरोबर घरीच जात होती हे दोघांनाही ठाऊक होतं. साहेबांनी चहा घेतला आणि विषय सोडला.

मी आयटीआयला आरेखक झालो. रेघा सरळ मारायचा गुण बाबांकडूनच आला असावा. पहिली नोकरी लातूरला लागली. एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर दहा-बारा संगणक मांडलेले, आणि काम असं की मोजणी खात्याच्या जुन्या नकाशांची चित्रं पडद्यावर घ्यायची, त्याखाली उपग्रहातून काढलेला फोटो ठेवायचा, दोन्ही जुळवून रस्ते, ओढे, वस्त्या यांच्या रेघा ओढायच्या आणि जुन्या नकाशावरची नावं इंग्रजी अक्षरांत टाइप करायची. मोबाइलवरचे नकाशे तेव्हा लोकांच्या हातात नुकते येत होते. आमचं काम एक कंपनी दुसऱ्या कंपनीला विकणार आणि दुसरी तिसरीला, एवढंच आम्हाला माहीत होतं. नियम एकच होता, मक्षिकास्थाने मक्षिका. कागदावर आहे तसं उतरवायचं. शंका आली तर हात वर करायचा. मग साहेब यायचे आणि सगळ्यांदेखत विचारायचे, "हा भाग कुणाच्या ओळखीचा आहे?"

लातूरला मला खोली सहज मिळाली. घरमालकांनी आडनाव विचारलं. आमचं आडनाव गावाच्या नावावरून पडलेलं, त्यावरून त्यांचा अंदाज चुकला आणि मी तो चुकू दिला. ऑफिसातही तसंच झालं. कुणी थेट विचारलं नाही आणि मी आपणहून सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज हे लिहिताना मला स्वतःचा संताप येतो, पण तेव्हा खोटं बोलतोय असं वाटत नव्हतं. शांत झोप लागत होती, जेवायला चार मित्र होते, आणि तेवढं मला पुरेसं होतं.

एके दिवशी पडद्यावर आमचंच गाव आलं. वरून गाव पहिल्यांदाच बघत होतो. ओढा दिसला, शाळेचे पत्रे दिसले, पिंपळाचा गोल दिसला. मी आनंदाने ओरडलोच, "अरे, हे माझं गाव!" शेजारचा मित्र खुर्ची सरकवून आला आणि म्हणाला, "दाखव की, तुझं घर कुठंय?"

मी बोट ओढ्याच्या अलीकडे ठेवलं. मारुतीच्या देवळामागे एक मोठं घर आहे, त्यावर.

"मोठं आहे की रे," तो म्हणाला आणि आपल्या जागेवर गेला.

ओढ्याच्या पलीकडे, आमच्या खऱ्या घरावर, जुन्या नकाशात ते जुनं नाव होतं. मला फक्त हात वर करायचा होता. साहेब आले असते, मी म्हणालो असतो की हे नाव ग्रामसभेने बदललंय, घरी ठरावाची नक्कल आहे. मग साहेबांनी विचारलं असतं, तुझ्या घरी कशी? मित्र शेजारीच बसला होता. मी हात वर केला नाही. कागदावर होतं ते एक एक अक्षर टाइप केलं आणि पुढच्या गावाकडे गेलो.

काम आवडलं म्हणून साहेबांनी मला आमच्या गावाच्या नकाशाची मोठी प्रिंट दिली. घरी दाखव, म्हणाले. सुट्टीला आलो तेव्हा ती बाबांच्या हातात दिली. न देऊन चाललं नसतं, कारण मायला मी फोनवर आधीच बढाई मारून ठेवली होती. नावं इंग्रजीत होती आणि अक्षरं मुंगीएवढी, बाबा रेघा बघतील, ओढा बघतील आणि खूश होतील असा माझा हिशेब. बाबांनी चष्मा लावला. दाराच्या उजेडात नेऊन बराच वेळ बघितलं. "लई बेस केलंस," म्हणाले, "समदं गाव दिसून राहिलंय." मग घडी घालून प्रिंट पेटीत ठेवली. पुढे कित्येक वर्षं ते भेटेल त्याला सांगायचे की माझ्या पोरानं गाव नकाशावर घातलं. ते असं म्हणाले की मी उठून बाहेर जायचो. लोकांना वाटायचं, पोरगा लाजतोय.

पुढे ती नोकरी सुटली. मी नांदेडला आलो, विष्णुपुरीच्या बाजूला घर केलं, एका ठेकेदाराकडे आरेखकाचं काम धरलं. बघता बघता नकाशा सगळ्यांच्या खिशात जाऊन बसला. लग्नपत्रिकेवर हॉलच्या नावाखाली काळ्या ठिपक्यांचा चौकोन यायला लागला. माझी मुलगी शिकवणीहून निघाली की तिचा निळा ठिपका माझ्या फोनवर सरकताना दिसायला लागला. आमच्या गावच्या एसटी थांब्याला कुणीतरी पाचांपैकी तीन तारे दिले आणि खाली लिहिलं, बसायला जागा नाही. स्मशानभूमीच्या नावाखाली एका शेळीचा फोटो आहे. लोक हसतात, मीही हसायचो. पण आमच्या वस्तीवर बोट ठेवून ती मोठी करून मी कधी पाहिली नाही. चोराच्या मनात चांदणं.

बाबांना कंपवात झाला. उजवा हात सारखा थरथरायचा, सही करायला सांगितली की ते अंगठ्याचा पॅड मागायचे आणि वर स्वतःचीच थट्टा करायचे. त्यांच्या गोळ्या हिमायतनगरला मिळेनात, म्हणून मी फोनवरून मागवायला लागलो. घराच्या जागी खूण टोचली की पत्ता आपोआप भरला जातो. मी तो वाचला नाही. दोन दिवसांनी निरोप आला, पत्ता सापडला नाही, पार्सल परत.

चौकशी केली तर कळलं, माणूस दारापर्यंत गेला होता. मी बाबांना फोन लावला आणि आवाज चढवूनच बोललो. "बाबा, माणूस दारात आला होता म्हणतात. पार्सल घेतलं कामून न्हाई?"

"पत्ता गलत व्हता."

"गलत कसा? तो तुमच्या दारात उभा होता ना?"

"फोनात बघून त्यानं वस्तीचं नाव इचारलं. तसली वस्ती हितं न्हाई म्हनलं म्या. परत न्या." मग म्हणाले, "त्या मान्साची चूक न्हाई. त्येला पानी पाजून लावून दिला."

जन्मभर दुसऱ्यांची पत्रं कोसकोस नेऊन देणाऱ्या माणसाने स्वतःच्या गोळ्या दारातून परत पाठवल्या होत्या. मग बाबाच म्हणाले, "कोनाच्या तरी हातून झालं असंल. तुज्या वळखीचं कोनी असंल तर सांग त्येला, दुरुस्त कर म्हनावं."

"बघतो," मी म्हणालो.

त्याच दिवशी मी नकाशावर बदल सुचवला. जुनं नाव काढा, नवं घाला. उत्तर आलं, पडताळणी चालू आहे. आठवड्याने आलं, माहितीची खात्री पटली नाही. पुन्हा पाठवलं. वस्तीतल्या शिकलेल्या पोरापोरींना पाठवायला सांगितलं. एकदा नाव बदललंसुद्धा, आणि चार दिवसांत पुन्हा जुनं झालं. कुणी बदललं ते कळायला मार्ग नव्हता. लातूरला त्या जुन्या ऑफिसात जाऊन आलो, तिथे आता चष्म्याचं दुकान आहे. मी टाइप केलेला शब्द आता इतक्या जागी पोचला होता की तो नेमका कुठून उपटायचा हे मला सांगू शकेल असा माणूसच भेटेना. जुन्या काळी निदान सरपंचाच्या दारात जाऊन बसता यायचं.

रविवारी बाबांचा फोन ठरलेला. इकडचं तिकडचं झालं की विचारायचे, "झालं का?"

"पडताळणी चालू हाय, बाबा."

"ठरावाची नक्कल जोडली का?"

जोडायला त्यात जागाच नव्हती. फोटो चालतो, तोही जागेचा. तरी मी म्हणायचो, जोडली. बाबा म्हणायचे, "मग व्हईल. आमाला तीन वर्सं लागली व्हती." गोळ्या मी स्वतः नेऊन द्यायला लागलो. त्या पत्त्यावर आलेलं काही ते हातात घेणार नाहीत हे मला माहीत होतं, आणि त्यांच्यापुढे तो विषय काढायची माझी छाती नव्हती. दर खेपेला वाटायचं, आज सांगू. ओट्यावर दोघंच बसलेलो असायचो. त्यांचा हात मांडीवर थरथरत असायचा. मी हवापाण्याचं बोलून परत यायचो.

बाबा गेले ते सकाळी चहा पिता पिता. मी नांदेडहून पोचलो तेव्हा त्यांना पांढऱ्या कपड्यात ओट्यावर ठेवलं होतं. माणसांना कळवायचं होतं. मी नातेवाइकांच्या गटावर दोन ओळी लिहिल्या आणि लांबून येणाऱ्यांना सोपं जावं म्हणून घराची खूण पाठवली. घाईत, रडत, फोनने दिलं ते तसंच. खूण गेल्यावर खाली पाहिलं. बाबांच्या मृत्यूच्या निरोपाखाली, जागेचं नाव म्हणून, ते जुनं नाव होतं. मी पुसेपर्यंत लोकांनी ते पुढे पाठवलंही होतं.

दुपारी गाड्या यायला लागल्या. शिरूर अनंतपाळहून आत्या आली, बाबांची धाकटी बहीण. तिच्या जावयाची जीप दारात थांबली, काच खाली होती. फोनमधली बाई मोठ्याने, स्वच्छ आवाजात म्हणाली की तुम्ही अमुक ठिकाणी पोचला आहात. ओट्यावर बाबा होते. सगळी वस्ती गोळा झालेली होती. त्या बाईने भरल्या माणसांत ते नाव घेतलं. आत्या उतरता उतरता तिथेच थबकली. जावई बिचारा फोन बंद करायला धडपडत होता आणि गडबडीत त्याच्याकडून ते पुन्हा एकदा वाजलं.

"दादानं ह्येच्यासाठी हाडं झिजवली रं," आत्या म्हणाली आणि जमिनीवर बसली.

मी उठलो आणि चालत फाट्यावर गेलो. बाप ओट्यावर आणि पोरगा फाट्यावर, लोक काय म्हणाले असतील ते म्हणोत. येणारी प्रत्येक गाडी थांबवली. "फोन बंद करा. हितून सरळ, ओढा वलांडला की उजव्या हाताला पंचशीलनगर." लातूरच्या पाहुण्यांना सांगितलं, नांदेडच्या मित्रांना सांगितलं, बाबांच्या पोस्टातल्या जुन्या सोबत्यांना सांगितलं. ते सोबती म्हणाले, आम्हाला काय सांगता, आम्हाला माहिती आहे. मग मला फार रडू आलं. शेवटची गाडी गेल्यावर मी माघारी आलो, त्रिशरण-पंचशील झालं आणि आम्ही बाबांना उचललं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. निमंत्रण मी हाताने लिहून त्याचा फोटो पाठवला, खूण पाठवली नाही. त्यानंतर काही आठवड्यांनी मी गावी असताना फोन वाजला. तुमचा बदल स्वीकारला आहे, धन्यवाद. उघडून पाहिलं. ओढ्याच्या पलीकडे पंचशीलनगर. चार दिवस रोज पाहत राहिलो, नाव टिकलं. पाचव्या दिवशी मायला सांगायला गेलो. ती अंगणात ज्वारी पाखडत होती.

"माय, नाव दुरुस्त झालं. नकाशावर. बघ."

मायने फोनकडे पाहिलं नाही. सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "त्येनी तर कवाच केल्तं."

मला वाटलं, वय झालंय, काहीतरी भलतंच बोलतेय. ती आत गेली, पेटी उघडली, ठरावाच्या नकलेची पिशवी काढली. तिच्यातच घडी घातलेली ती प्रिंट होती, लातूरहून मी आणलेली. तिने ती माझ्या हातात दिली. मी उलगडली. ओढ्याच्या पलीकडे, आमच्या घराच्या चौकोनावर, मी टाइप केलेल्या मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांवर निळ्या शाईची एक रेघ होती. शेजारी पंचशीलनगर लिहिलेलं. हात थरथरायला लागायच्या कितीतरी आधीचं अक्षर होतं ते.

जन्मभर इंग्रजी पत्ते वाटलेल्या माणसाला हे वाचता येणार नाही असा हिशेब मी केला होता.

"तू आनून दिल्लास त्याच दिशी," माय म्हणाली. "तू आंगुळीला गेल्तास. म्या म्हनलं, पोराला सांगा की. तर म्हनले, नगं. त्येला तितं ऱ्हायचंय."

मी अंगणातच बसलो. माय पुन्हा सुपाकडे वळली. पार्सल परत गेल्यापासून बाबा जाईपर्यंत सोळा रविवार गेले होते, मी नंतर कॅलेंडरात मोजले. सोळाही रविवारी बाबांनी मला फोन करून विचारलं होतं, झालं का. आणि सोळाही वेळा मी त्यांना सांगितलं होतं, पडताळणी चालू हाय, बाबा.